शाळेतला लैंगिक छळ, शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि पहिली दहा मिनिटे

ओसरीवरची

नमस्कार. मी अकरा वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि आता शिक्षक-प्रशिक्षणाचे साहित्य तयार करण्याचे काम करते. पाचवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी लिंगभावाधारित हिंसा आणि शाळेतला लैंगिक छळ या विषयावर सहा तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम बांधण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. पहिला मसुदा तयार आहे, परंतु तो मलाच पटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

असे प्रशिक्षण ही काही नवी गोष्ट नाही. पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर, म्हणजे शाळांवरही, कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करण्याचे आणि त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण देण्याचे बंधन घातले आहे. कोविडच्या काळात 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे जे अठरा घटक झाले, त्यांत बालकांचे हक्क आणि पॉक्सो कायदा यांवरचाही एक घटक होता. तो कसा 'पूर्ण' झाला हे इथल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचा, प्रश्नमंजूषेची उत्तरे ग्रुपवरून घ्यायची आणि प्रमाणपत्राचा स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांना पाठवून मोकळे व्हायचे. मीही काही घटक असेच उरकले आहेत.

मसुद्याची चाचणी म्हणून मी मध्यंतरी एक वेबिनार घेतला. व्याख्या, कलमे, शिक्षा हे सगळे झाल्यावर मी एक प्रसंग दिला. मधल्या सुट्टीत सातवीतली मुलगी तुमच्याजवळ येते आणि खाली बघत सांगते, की प्रयोगशाळेतले काका मला विचित्र हात लावतात. तुमच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य चॅटमध्ये लिहा, असे मी सांगितले. "तू तिकडे एकटी गेलीस कशाला?", "नक्की तसेच झाले का?", "आईला सांगितलेस का?" अशी उत्तरे आली आणि ती येणार हे मला अपेक्षित होते. मला अस्वस्थ केले ते सर्वांत मायेने लिहिलेल्या उत्तराने: "बाळा, घाबरू नकोस, मी हे कुणालाही सांगणार नाही." त्याखाली अनेकांनी अंगठे उंचावले. तासाभरापूर्वी याच शिक्षकांनी कायद्यावरच्या प्रश्नमंजूषेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की हे सहा तास नेमके कशावर खर्च करावेत?

दवात

मी वकिली करतो आणि पॉक्सोची काही प्रकरणे चालवली आहेत. त्या मायेच्या वाक्याबद्दलच बोलतो, कारण ते पाळता न येणारे वचन आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडण्याची शक्यता आहे अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची असते. केवळ मुख्याध्यापकांच्या कानावर घातल्याने ही जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडपला तर ती वर्षापर्यंत जाते. न सांगितल्याबद्दल मुलाला मात्र शिक्षा नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिले आहे, पण प्रशिक्षणात शिक्षेची धमकीच तेवढी सांगितली जाते आणि हे संरक्षण सांगायचे राहून जाते.

दुसरा गैरसमज 'आधी शाळेच्या पातळीवर शहानिशा करू' हा आहे. शिक्षकाने पुरावा गोळा करावा असे कायदा कुठेही म्हणत नाही. उलट मुलीला चार जणांसमोर चार वेळा तेच सांगायला लावले, की तिच्या जबाबात फरक पडतात आणि बचाव पक्षाचा वकील ते फरक हमखास वापरतो. (मी स्वतः त्या बाजूनेही उभा राहिलो आहे, म्हणून हे खात्रीने लिहितो.) 'नुसता कपड्यांवरून हात लावला, त्यात काय' असे म्हणणाऱ्यांना १८ नोव्हेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही म्हणून लैंगिक हल्ला नाही, हा नागपूर खंडपीठाचा अर्थ त्या निकालाने रद्द केला आणि पाहायचा असतो तो लैंगिक हेतू, हे स्पष्ट केले. असा हल्ला शाळेच्या कर्मचाऱ्याने केला असेल तर कायदा तो गंभीर स्वरूपाचा मानतो आणि किमान शिक्षा तीनऐवजी पाच वर्षांची होते.

आपल्याच राज्यातले उदाहरण हवे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे घ्या. तिथल्या शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते कळवले नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला होता, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि वेळेवर, योग्य रीतीने माहिती देणे अत्यंत महत्त्वाचे आहे असे बजावले.

पाटीपेन्सिल

वकीलसाहेबांनी लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ते वाचले की वेगळे दिसते. मी त्या खुर्चीत चौदा वर्षे बसलो आणि आता निवृत्त आहे. जे लिहितो आहे ते नाव न देता लिहितो आणि त्यात माझी फुशारकी काही नाही.

पॉक्सो येण्याच्या आधीची गोष्ट आहे. खेळाच्या शिक्षकाबद्दल नववीतल्या दोन मुलींनी एका बाईंना सांगितले आणि बाईंनी मला. मी संस्थेच्या सचिवांकडे गेलो. त्यांनी मला विचारले, "सर, दहावीचा निकाल तोंडावर आहे, शाळेची अब्रू कोण राखणार?" आम्ही त्या शिक्षकाकडून राजीनामा लिहून घेतला, कारण म्हणून 'कौटुंबिक अडचण' असे घातले, आणि अनुभवाचा दाखलाही दिला. तो दाखला घेऊन तो शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या शाळेत लागला. हे मला दोन वर्षांनी एका लग्नात कळले. माझी सही त्या दाखल्यावर आजही असेल.

म्हणून ओसरीवरची ताईंना माझे सांगणे आहे, की शिक्षकांना सहा तास बसवण्याआधी संस्थाचालकांना दोन तास बसवा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींच्या बाबतीत जे घडले, त्यात आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी होता, पण लोक २० ऑगस्टला रेल्वे रुळांवर उतरले ते केवळ त्याच्यामुळे नाही. पालकांना दाद मिळायला लागलेला वेळ त्यांना सहन झाला नाही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या प्रशासनावरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, पोलीस पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश काढले. ते हवेतच. परंतु 'अब्रू' या शब्दावर कॅमेरा लावता येत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात कार्यकारिणीच्या बैठकीचा एक प्रसंग असावा आणि सचिव जे बोलतात ते जसेच्या तसे असावे.

रानवाट

मी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. वरच्या चर्चेबद्दल आदर ठेवून एक नाराजी मांडतो. आमच्याकडे झालेल्या शेवटच्या प्रशिक्षणात प्रत्येक चित्रातला गुन्हेगार पुरुष शिक्षक होता. त्यानंतर माझ्या सहकाऱ्याने पहिलीतल्या रडणाऱ्या मुलीला उचलून घेणेही सोडले. आमच्या शाळेत पोराच्या पायात काटा मोडला तर तो काढणारा मी, उलटी झाली तर तोंड धुणारा मी, आणि सहकारी बैठकीला गेले असले तर शाळेत एकमेव मोठा माणूसही मीच. 'मुलांना स्पर्श करू नका' हा सल्ला वातानुकूलित खोलीत बसून देता येतो.

दुसरे असे, की मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या. दोन शिक्षकांच्या शाळेत तक्रार ज्याच्याविरुद्ध तोच समितीचे कागद सांभाळणारा निघाला तर मुलीने जायचे कुठे, हे मला आजवर कोणत्याही व्हिडिओने सांगितलेले नाही.

निळी छत्री

रानवाट सर, तुमची नाराजी रास्त आहे. मी शालेय समुपदेशक आहे. 'स्पर्श करू नका' हा प्रशिक्षणाचा संदेश असेल तर ते प्रशिक्षण फसले आहे, कारण त्यातून मुलांची माया तुटते आणि ज्याला त्रास द्यायचा असतो तो देतच राहतो. काटा काढताना मुलाला "मी आता पाय धरतो हं" असे सांगून, इतर मुलांच्या देखत, कामापुरता केलेला स्पर्श आणि दार लावून केलेला स्पर्श यांतला फरक शिक्षकांना नीट समजतो, फक्त तो कुणीतरी सांगावा लागतो. धोक्याच्या खुणा बहुधा स्पर्शाच्या कितीतरी आधी दिसू लागतात. एकाच मुलाला वारंवार भेटवस्तू देणे, 'हे आपल्या दोघांतच' अशी गुपिते निर्माण करणे, एकट्याला जादा तासाला थांबवणे, रात्री उशिरा वैयक्तिक संदेश पाठवणे, या त्या खुणा. सहकाऱ्याच्या वागण्यात त्या दिसल्यावर कुणाशी आणि कसे बोलायचे, याचा सराव आपल्याकडे जवळजवळ होतच नाही.

चित्रांबद्दलही सहमत आहे, पण कारण थोडे वेगळे आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित अधिक होते. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. माझ्याकडे येणारे मुलगे मात्र 'मला त्रास झाला' असे म्हणत नाहीत. ते मारामारी करतात, शाळा बुडवतात, आणि शिक्षकांच्या शेऱ्यात 'वर्तन असमाधानकारक' एवढेच उमटते.

आणि एक मोठा भाग या चर्चेतून अजून निसटतो आहे. रोजचा त्रास हा पुष्कळदा मुलांनी मुलांना दिलेला असतो. मुलीच्या अंतर्वस्त्राची पट्टी ओढणे, स्वच्छतागृहाच्या भिंतीवर नावे लिहिणे, मवाळ बोलणाऱ्या मुलाला 'बायल्या' म्हणून वर्षभर हिणवणे, वर्गातल्या मुलीचा फोटो दुसऱ्याच चित्रावर चिकटवून फिरवणे. शिक्षक याला 'वयच तसे आहे' म्हणतात. हा भाग कलमे पाठ करून सुटत नाही, त्यासाठी मुलांशी वर्षभर बोलावे लागते. २००८ मध्ये मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलांसाठी 'जेम्स' नावाचा उपक्रम सुरू झाला होता. स्त्रियांविषयी संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू, चेंबूरची कोरो आणि टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) या संस्थांनी तो राबवला. घरात कोण कोणते काम करते, मुलाने रडले तर काय होते, छेडछाड कशाला म्हणायचे, अशा साध्या गोष्टींवर खेळ आणि गटचर्चा हे त्याचे स्वरूप होते. तुमच्या सहा तासांतला निदान दीड तास शिक्षकांनी या चर्चा आधी आपापसांत करून पाहाव्यात, कारण 'घरी स्वयंपाक कोण करते' या प्रश्नावर आपली स्वतःची उत्तरे मुलांहून फारशी वेगळी नसतात.

रानवाट सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: मुलांना शाळेबाहेरची वाट ठाऊक हवी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) क्रमांक २०२३ पासून ११२ या आपत्कालीन व्यवस्थेशी जोडला जाऊ लागला, पण मुलांच्या ओठांवर बसलेला क्रमांक तोच आहे. तो फलकावर रंगवून भागत नाही, तर कुणाच्या फोनवरून लावायचा आणि समोरून काय विचारतील, हे परिपाठात एकदा करून दाखवावे.

अर्धवेळ

एक बाजू राहिली, म्हणून थोडक्यात लिहिते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. शाळेतल्या छळाची गोष्ट निघाली की सगळे विद्यार्थ्यांबद्दल बोलतात, पण पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांनीच 'निवांत भेटा' म्हटले तर काय करायचे? राजस्थानातल्या भँवरी देवींवरच्या बलात्काराच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. शाळा हे त्या कायद्याखालचे कामाचे ठिकाण आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असावी लागते, निम्म्या तरी सदस्य महिला असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार करण्याची मुदत तीन महिन्यांची असते आणि कारण पटल्यास ती आणखी तीन महिन्यांनी वाढते. मला हे माझ्या शाळेने सांगितले नाही. एका बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने सांगितले, कारण त्यांच्याकडे दर वर्षी हे प्रशिक्षण होते. जी शिक्षिका स्वतःबद्दल बोलू शकत नाही, ती मुलीला 'धीटपणे बोल' असे कोणत्या तोंडाने सांगणार?

मांडवीकाठ

गोव्यातून एक सूचना. आमच्याकडे पॉक्सोच्या आधीपासून गोवा बाल कायदा, २००३ आहे आणि त्याखाली स्वतंत्र बाल न्यायालयही आहे. तुमचा अभ्यासक्रम मराठीत असल्याने इथल्या मराठी शाळांतले शिक्षकही तो पाहतील. तेव्हा राज्यानुसार बदलणारे एक पान ठेवावे.

सांजवात

ऑनलाइन या शब्दाबद्दल कुणी बोलले नाही, म्हणून लिहिते. मी अशा दोन अभ्यासक्रमांत तांत्रिक साहाय्य केले आहे. शिक्षिका हे व्हिडिओ बहुतेक वेळा रात्री घरी, कुटुंबाच्या सामायिक फोनवर बघतात. बाजूला सासूबाई असतात, मांडीवर मूल असते आणि फोनमधून मोठ्या आवाजात 'लैंगिक अत्याचार' असे येऊ लागले की त्या आवाज बंद करतात. म्हणजे त्यांनी घटक पाहिला, पण ऐकला नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही प्रत्येक घटकाची वाचण्याजोगी प्रत दिली, तेव्हा प्रश्न एकदम वाढले.

याहून नाजूक गोष्ट अशी, की पडद्यापलीकडे बसलेल्यांपैकी काहींवर लहानपणी हेच ओढवलेले असते. एका सत्रात प्रसंग सुरू होताच एक बाई बाहेर पडल्या. 'गैरहजर' म्हणून यंत्रणेने त्यांचे प्रमाणपत्र अडवले. दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला खासगीत चार ओळी लिहिल्या. तेव्हापासून आम्ही सुरुवातीलाच सांगतो, की कुणीही कारण न देता बाहेर जाऊ शकते आणि तो घटक नंतर वाचून पूर्ण करता येतो. ताई, तुमच्या मसुद्यात ही सोय आधीपासूनच ठेवा.

ओसरीवरची

सर्वांचे मनापासून आभार. कालपासून मसुदा मोडून पुन्हा मांडते आहे. कायद्याचा भाग दोन तासांवरून चाळीस मिनिटांवर आणला आहे आणि दवात सरांनी सांगितलेले संरक्षण त्यात शिक्षेच्या आधी घातले आहे. पाटीपेन्सिल सरांच्या कार्यकारिणीच्या बैठकीवरून एक प्रसंग लिहिला आहे. सचिवांचे वाक्य मी बदललेले नाही. पाटीपेन्सिल सरांची परवानगी मी व्यक्तिगत निरोपातून घेतली.

सर्वांत जास्त वेळ आता मूल सांगायला येते त्या पहिल्या दहा मिनिटांना दिला आहे. व्हिडिओ पाहून वाक्य तोंडात बसत नाही, म्हणून हा भाग ऑनलाइन फक्त ऐकायचा आणि सराव केंद्रातल्या मासिक शिक्षण परिषदेत जोडीने करायचा, असे ठरवते आहे. निळी छत्री ताईंच्या मदतीने वाक्ये अशी केली आहेत: "तू सांगितलेस ते बरे केलेस." "यात तुझी काही चूक नाही." "तुला सुरक्षित ठेवायचे तर मला हे काही मोठ्या माणसांना सांगावे लागेल. कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन." त्यानंतर प्रश्न विचारायचे नाहीत. मूल जेवढे बोलते तेवढे ऐकायचे आणि ते गेल्यावर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून काढायचे. आरोप ज्याच्यावर आहे त्याला बोलावून समोरासमोर करायचे नाही आणि शिक्षकांच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकायचे नाही. तिसरे वाक्य म्हणताना मी स्वतः आरशासमोर दोनदा अडखळले, हे कबूल करते.

शेवटची प्रश्नमंजूषा काढून टाकली आहे. तिच्या जागी एक कोरा कागद आहे, जो प्रत्येक शाळेने भरून शिक्षकखोलीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा: आपल्या हद्दीचे पोलीस ठाणे आणि त्याचा दूरध्वनी, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता, स्थानिक समितीचा संपर्क, जवळचे सरकारी रुग्णालय, सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे. काही भर घालायची असल्यास सांगा.

दवात

एकच भर. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे त्याच कागदाच्या तळाशी छापा. पोलीस आले की शिक्षक गांगरतात आणि तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो. आणि 'हद्द आमची नाही' असे उत्तर मिळाले तरी परत फिरू नये, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

रानवाट

ताई, तुमचा कागद आज मधल्या सुट्टीत भरायला घेतला. तो भरायला मला पाऊण तास लागला. बालकल्याण समितीचा पत्ता गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दोन फोन केल्यावर मिळाला. आमचे गाव ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे असे मी सहा वर्षे समजत होतो, त्या ठाण्याने सांगितले की ते शेजारच्या ठाण्याकडे येते. सखी सावित्री समितीचा फलक व्हरांड्यात आहेच, म्हणून नावे त्यावरून उतरवायला गेलो, तर त्यावर पहिले नाव दोन वर्षांपूर्वी बदली झालेल्या बाईंचे होते. खडूने लिहिलेले असते तर पुसले असते, पण ते रंगाने लिहिलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीची सभा शनिवारी आहे. तोवर त्या नावावर कागद चिकटवून ठेवला आहे.